पाचव्या पानावरचे कलम

जपानमधील व्हिडिओ गेमच्या धंद्यात संघटित गुन्हेगारांचा हात आहे, असे म्हटले जाते. ते कितपत खरे आहे? हा प्रश्न मी स्वतः शोधून काढलेला नाही. मी बेळगावच्या एका मराठी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आणि आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळले नाही. हा प्रश्न माझ्या दारात आणला तो आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी. वडगावात त्यांचे चार यंत्रमाग आहेत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणते.

अण्णांची मुलगी माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना ती चौकटीच्या कागदावर साडीच्या काठाची नक्षी काढायची, आणि तिने मोजलेली घरे कधी चुकायची नाहीत. पुढे ती संगणकावर चित्रे काढायला शिकली. घरी बसून बेंगळुरूच्या एका संस्थेसाठी ती गेममधल्या पात्रांचे कपडे तयार करू लागली. कापडाचे विणकाम कसे दिसेल, पात्र वळले की चुणी कुठे पडेल, हे तिचे काम. ते काम पाहून जपानमधल्या एका गेम कंपनीने तिच्या तीन मुलाखती घेतल्या आणि करारपत्र पाठवले. पंधरा दिवसांत सही करून परत पाठवायचे होते.

अण्णांच्या मोबाइलवर तोपर्यंत एक संदेश फिरत आला होता. जपानच्या गेम कंपन्या अंगभर गोंदवलेले गुंड चालवतात, असा त्याचा मथळा होता आणि खाली अशाच एका, सदऱ्याची बटणे उघडी टाकलेल्या माणसाचे छायाचित्र. अण्णांनी तो संदेश वाचून सोडून दिला होता. पण मुलगी करारपत्राचा मराठीत अर्थ सांगू लागली, तेव्हा पाचव्या पानावर एक कलम निघाले. सही करणारी व्यक्ती कोणत्याही गुन्हेगारी टोळीची सदस्य नाही, तिचा अशा टोळीशी संबंध नाही, आणि कंपनीचाही नाही, असे दोघांनी एकमेकांना लिहून द्यायचे होते. हे खोटे ठरले तर करार रद्द. अण्णा ते कागद घेऊन सरळ माझ्याकडे आले.

"बाई, आम्ही इचारलं होतं काय त्यास्नी?" ते म्हणाले. "मग न इचारता कशाला सांगायलेत?"

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ कळायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. मुलगी देण्याआधी आम्ही मुलाच्या घराची चौकशी करतो. ती नातेवाइकांकडे करत नाहीत. पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडे, बसथांब्यावरच्या चहाच्या गाड्यावर करतात. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत पाहायची असते. 'आम्हाला काय म्हाईत न्हाय' असे शेजारी म्हणाला, तर घरात काहीतरी आहे असे समजतात. आणि मुलाकडचा माणूस कोणी न विचारता 'आमच्यात तसलं काय न्हाय' असे म्हणाला, तर ते त्याहून वाईट. बेळगुंदीपासून निपाणीपर्यंत कितीतरी सोयरिकी या एका वाक्यावर मोडल्या आहेत. मी स्वतः माझ्या भाचीसाठी आलेले एक स्थळ नाकारले होते, कारण मुलाचे वडील चहा पिता पिता म्हणाले की त्यांच्या घरात दारूला कोणी शिवत नाही. पुढे कळले, त्या घरात खरोखरच कोणी पीत नव्हते.

तरीही त्या दिवशी अण्णांचा तर्क मला बरोबर वाटला. ही माझी चूक होती आणि ती नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. दोन दिवस मी पुरावा शोधत होते तो निकाल आधीच ठरवून.

तिसऱ्या दिवशी मुलीने मला थांबवले. मी तिला अण्णांनी मला पाठवलेल्या संदेशातला तो गोंदवलेल्या माणसाचा फोटो दाखवत होते. तिने मोबाइल हातात घेतला, बोटांनी चित्र मोठे केले आणि हसली.

"बाई, ह्यो माणूस न्हाय. सदऱ्याचा खांदा बघा की. हात वर हाय, तर काखेपासनं चुणी वर जायला पायजे. गेलीच न्हाय. हे गेममधलं चित्र हाय."

म्हणजे गुंडाची गोष्ट सांगणाऱ्या एका गेममधले पात्र कोणीतरी गेम बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून लावले होते. त्यानंतर मी वहीचे नवे पान उघडले आणि एका प्रश्नाचे तीन केले. पूर्वी असा संबंध होता का, आज आहे का, आणि या कंपनीत आहे का. हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्यावर वाचायला पुष्कळ मिळाले. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा धंदा जपानमध्ये जुगाराच्या यंत्रांच्या शेजारीच वाढला. जिथे रोज रोख पैसा जमतो तिथे हप्ता मागणारे येतात, आणि तिथेही आले, असे त्या काळात काम केलेल्या लोकांनी सांगितलेले आहे. यातले काही जबाबदारीने लिहिलेले होते. पण बरेच एकमेकांची नक्कल होते. एक चुरचुरीत गोष्ट मला अनेक ठिकाणी भेटली. माग काढत गेले तर ती सांगणारे सगळे जण एकाच जुन्या मुलाखतीपाशी येऊन थांबले. अनेकांनी सांगितले आणि एकाचे अनेकांनी ऐकले, या दोन गोष्टींतला फरक मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला होता. इथे मला तो स्वतःला पुन्हा शिकवावा लागला.

कलमाचा उलगडा मात्र वाचनातून झाला नाही. निपाणीच्या एका जैन व्यापारी घराण्यातला माझा एक जुना विद्यार्थी जपानमध्ये यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. मी त्याला फोन करून ते पान पाठवले. त्याने उत्तरादाखल तीन कागदांचे फोटो पाठवले. एक त्याच्या भाड्याच्या खोलीचा करार, दुसरा बँकेत खाते उघडतानाचा अर्ज, तिसरा व्यायामशाळेचा. तिन्हींत तेच कलम होते.

तो म्हणाला, "बाई, इथं खोली घ्यायची तरी हे लिहून द्यावं लागतं. माझ्या घरमालकीण आजी ऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीसुद्धा मला लिहून दिलंय की त्या गुंड नाहीत."

त्याने कारणही सांगितले. तिथल्या टोळ्या एके काळी दारावर पाटी लावून उघड बसत असत. पुढे असे नियम झाले की त्यांच्याशी व्यवहार करणाराही दोषी धरला जाऊ लागला, आणि तेव्हापासून हे वाक्य बहुतेक करारांत छापलेलेच असते. म्हणजे ते कलम संशयाची खूण नव्हते. पण कधीकाळी अशा कलमाची गरज पडली होती, हेही त्यातून दिसत होते. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

कागदाने अण्णांचे समाधान झाले नाही. चौकशी समोरासमोर बसूनच व्हायला पाहिजे, असे म्हणून ते मला घेऊन बसने निपाणीला, त्या विद्यार्थ्याच्या घरी आले. त्याच्या आईने आम्हाला जेवू घातले आणि मुलगा तिकडे कसा राहतो, आजारी पडला तर कोण बघते, हे सगळे सांगितले. अण्णांनी गेमविषयी एक शब्दही विचारला नाही. मला त्याचे नवल वाटले.

परतताना संकेश्वर मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, त्यांचं राहू द्या. आमच्यात हाय की."

त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी दोन वर्षे मटक्याच्या चिठ्ठ्या घेत होता. पोलिसांनी त्याला एकदा नेलेही होते. आता तो अण्णांच्याच मागावर काम करतो. कसलाही संबंध नाही असे मुलीने लिहून दिले आणि तिकडे हे कळले, तर तिला परत पाठवतील, आणि का पाठवले हे गल्लीभर होईल, ही त्यांची भीती होती. जपानच्या धंद्याविषयी त्यांना मुळात काही विचारायचेच नव्हते.

मी ते कलम दहा वेळा वाचले होते, पण दर वेळी ते कंपनीविषयी आहे असे धरून. घरी येऊन अकराव्यांदा वाचले. त्यातला 'संबंध' हा शब्द चुलत्यापर्यंत पोचतो की नाही, ते मला ठरवता आले नाही. जे मला ठरवता येत नाही ते मी ठरवू नये, एवढे मात्र ठरवता आले. मी अण्णांना सांगितले, की मुलीला सांगा आणि तिला कंपनीला विचारू द्या.

मुलीला सांगताना अण्णांचा आवाज पडला होता. तिने मान वर न करता उत्तर दिले. "काका मटका घेत होते, हे सगळ्या गल्लीला म्हाईत हाय, अण्णा. तुम्हास्नीच वाटतंय कुणाला म्हाईत न्हाय."

कंपनीला लिहायला मात्र अण्णांचा विरोध होता. आपण होऊन सांगणारे घर संशयाचे, ही रीत त्यांच्या मनातून जाईना.

"आपण होऊन कुठं? त्यांनी इचारलंय," ती म्हणाली. "पाचव्या पानावर."

तिने चार ओळींचे पत्र लिहिले. चुलत्याची हकीकत जशी होती तशी सांगितली आणि सही करता येईल का, असे विचारले. माझ्या आग्रहावरून आणखी एक प्रश्न घातला, की कंपनी स्वतःच्या पुरवठादारांची तपासणी कशी करते. मग आठ दिवस अण्णा रोजच्यासारखे मागावर जात राहिले.

मुदत संपायला एक दिवस राहिला असताना उत्तर आले. कलम सही करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या सदस्यत्वाविषयी आणि व्यवहारांविषयी आहे, चुलत्याची जुनी बाब त्यात येत नाही, आणि विचारल्याबद्दल आभार. माझ्या प्रश्नाला एकच ओळ होती. यासाठी आमचा एक विभाग आहे. हे उत्तर अपुरे आहे, असे मी वहीत लिहिले आणि मुलीलाही सांगितले. तिने मान हलवली आणि सही केली. विमानतळावर तिची बॅग चुलत्याने उचलली. अण्णा पुढे चालत होते.

आता मूळ प्रश्नाविषयी. गेमच्या शेजारच्या धंद्यांत पूर्वी टोळ्यांचा शिरकाव होता, असे मानायला मला पुरेसा आधार मिळाला. तो आज किती उरला आहे, हे मला सांगता येत नाही. या कंपनीविषयी मला काही सापडले नाही, आणि न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. जपानी भाषा मला येत नाही. जे वाचले ते भाषांतरातून, आणि जे ऐकले त्यातले बरेचसे एका विद्यार्थ्याकडून. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे सर्व स्वतः तपासून पाहावे, आणि माझे काही चुकले असेल तर मला कळवावे.