गळ्याचं राहिलेलं दार

धोंडीबाईच्या मांडवात तांदळाला तांदूळ म्हणायची सोय नव्हती. घरात म्हणा, खाचरात म्हणा. पण एकदा डहाळ्यांचा मांडव उभा राहिला आणि तिनं गळा मोकळा केला, की चांगल्या वस्तूंची नावं झाकून घ्यायची. हळद नाही, ‘उन्हाची माती’. दिवा नाही, ‘काळोखाचं भोक’. मीठ म्हणजे ‘दर्याचं हाड’. उघडं नाव घेतलं की दृष्ट लागते, असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं. ती धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी सांगणारी, गाण्यातून देवांना, पितरांना मांडवात बोलावणारी बाई. ती जुळवायची त्या दोन शब्दांच्या नावाला ती झाकणी म्हणायची.

दिसायला काही नव्हती. काटकुळी, पुढचे दात मशेरीनं काळे पडलेले, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली. पण मुरबाडपासून पार काळू नदीपल्याडपर्यंत कुणाचं लग्न ठरलं, की आधी धोंडीबाईकडं सुपारी जायची आणि मग सोयऱ्यांकडं. माघापासून वैशाखापर्यंत ती घरी नसायचीच. नवरा धाकलू म्हणायचा, “माजं लगीन हिच्याशी झालं, पन लग्नसराईत मी बिनलग्नाचा.”

एक पोर होती त्यांना. बारकी.

बारकीला झाकणीचं वेड आईकडून आलं. भात कांडायला बसल्या की दोघींचं तेच. “आये, झाकणी कशी घालायची गो?”

धोंडीबाई मुसळ न थांबवता म्हणायची, “दोन शब्दांचं लगीन लावायचं. एक शब्द त्या वस्तूच्या घरचा, दुसरा परगावचा. दोनी एकाच घरचे घेतलेस तर भाऊ-बहीन व्हतात, नवरा-बायको नाय.”

“आनि?”

“आनि मांडवात पार मागं बसलेल्या म्हातारीला ओळ सरायच्या आत कळली पायजे. नाय कळली तर ती झाकणी नाय, गाठोडं. गाठोडं घेऊन कोन बसनार गो मांडवात?”

बारकी सुपातल्या तांदळाकडं बघत राहिली. आठेक वर्षांची असेल. मग म्हणाली, “चिखलाचे दात.”

धोंडीबाईचं मुसळ वरच्या वर राहिलं. त्या माघात तिनं ती झाकणी पहिल्याच लग्नात घातली. अक्षतांच्या वेळी ‘चिखलाचे दात उधळा गो’ म्हटलं, तर मागच्या म्हाताऱ्या ओळ सरायच्या आधीच खुदखुदल्या. घरी येऊन तिनं पोरीच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवली. बारकीनं ती बाजूला सारली.

“आये, मी तुजी पन झाकणी केली.”

“माजी? सांग बगू.”

“दुसऱ्याच्या दारचा गळा.”

धोंडीबाई पोट धरून हसली. “आवो, आइकलंत का, पोरगी काय म्हनते!” म्हणून तिनं धाकलूला हाक मारली. धाकलूही हसला. बारकी तेवढी हसली नाही. ती चुलीशी जाऊन आईकडं पाठ करून बसली.

बारकीचं लग्न अडतीस साली झालं. सापगावजवळच्या पाड्यावर, कमळूशी. पोरगा कष्टाळू, मुखदुर्बळ. त्या मांडवात धोंडीबाई गायली नाही. नवरीच्या आईनं गायचं नसतं. दुसऱ्या गावची धवलारीण आणली होती. तिच्या झाकण्या ऐकून धोंडीबाई सारखी चुळबुळत होती. “नवरीला ‘घरचा दिवा’ म्हनते, हे काय झाकणं व्हय? अख्ख्या तालुक्याला तोंडपाठ.” बारकी मुंडावळ्यांतून आईकडं बघत होती. धोंडीबाईनं मान हलवून खूण केली, राहू दे, तुजी झाकणी मी घालीन मागाहून, जल्माची.

ती घालायची राहिली.

पुढल्या वर्षी बारकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण महिने भरायचे ते वैशाखात, आणि धोंडीबाईनं सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या. तिनं कमळूला निरोप धाडला: आखिती, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की आणायला येते, म्हसाकडची तेवढी दोन लग्नं उरकू द्या. बारकीनं उलट काहीच कळवलं नाही.

म्हसापल्याडच्या एका गावात हळद चालू असताना सापगावचा नथू, कमळूचा चुलतभाऊ, मांडवाबाहेर जांभळीखाली येऊन बसला. धोंडीबाईनं गाता गाताच त्याला बघितलं आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. पोरगा झाला म्हणा, पोरगी झाली म्हणा, सांगायला माणूस आला! ओळ संपता संपता ती ओरडली, “जेवायला घाला गो सोयऱ्याला! आनि गूळ नाय आनलास तर सुटनार नाय हां, नथू!” आणि पुढची ओळ तिनं अशी उचलली, की हळद लावणाऱ्या पोरींचे हात थांबले.

नथूनं काय आणलं होतं ते घरातल्या मोठ्यांना कळलं होतं. पण नवरी उंबरा ओलांडून जाईपर्यंत मांडवात मरणाचं नाव काढत नाहीत. त्यांनी नथूला गप्प बसवलं. त्याच्यापुढं पत्रावळ ठेवली. तो खाली मान घालून भात चिवडत राहिला आणि धोंडीबाई गात राहिली. हळद झाली, अक्षता झाल्या, ‘चिखलाचे दात’ उधळले, नवरीची पाठवणी झाली. बायांच्या डोळ्यांना पदर होते. धोंडीबाईला वाटलं, आज आपलं गाणं लागलं बायांना.

मग जांभळीखाली जाऊन तिनं विचारलं, “काय रे, पोरगा का पोरगी?”

“पोरगा,” नथू म्हणाला.

बारकी आदल्या संध्याकाळीच गेली होती.

*

वर्ष सरलं. एका सकाळी बारकीची सासू बाईजा स्वतः चालत धोंडीबाईच्या दारी आली. कडेवर पोर होतं. नवसाचं म्हणून तिनंच नाव ठेवलेलं, नवशा. धोंडीबाईनं पाणी दिलं, पोराला ओढून मांडीवर घेतलं. त्याच्या कपाळावर बारकीसारखाच केसांचा भोवरा होता.

“इहीनबाई,” बाईजा म्हणाली, “कमळूचं दुसरं जमवलंय. धसईकडची पोर हाय, जना नाव. पोराला आई नको का?”

“पायजे ना.”

“पन पैलीला बोलावनं करावं लागतं.”

ते धोंडीबाईला शिकवायची गरज नव्हती. बिजवराच्या लग्नात मेलेल्या बायकोला आधी आवतण जातं. तिच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक नवी नवरी गळ्यात घालते, आणि धवलारीण दाराकडं तोंड करून मेलेलीला झाकणीनं हाक मारते. हाकेवर नवरी म्हणते, ये बाय, बस. मग सवत सुखानं बसते, नवीला त्रास देत नाही. पण बारकी बाळंतपणात गेलेली. अशा बाईला हाक मारायला तालुक्यातली कुणी धवलारीण तयार नव्हती. हडळ होऊन येते म्हणतात.

“तुजं आइकंल ती,” बाईजा म्हणाली.

“ती जिती असताना आइकायचीच गो माजं. मीच नाय तिचं आइकलं.”

बाईजा जवळ सरकली. मग आवाज उतरवून म्हणाली, “माज्या मांडीवर गेली ती. मला का सुख हाय? पन आता नवी पोर घरात येनार, तिचं काय झालं तर लोक मला फाडून खातील. तवा झाकणी आमी सांगू तीच घालायची. ‘उंबऱ्याभायरची सावली.’ तिथंच बस म्हनावं, आत येऊ नको. एवढं कर, आनि दर सनाला ये, नातवाला मांडीवर घे. कोन तुला नाय म्हननार नाय.”

नवशानं धोंडीबाईच्या गळ्यातलं डोरलं मुठीत धरलं होतं आणि ते सोडत नव्हता.

“येते मी,” धोंडीबाई म्हणाली.

लग्नाआधीचे ते दिवस धाकलूनं तिला ओठ हलवताना बघितलं. भाकरी थापताना, गवत कापताना. ती लेकीची झाकणी शोधत होती. ‘उंबऱ्यावरची चिमणी’ आठवायची, पण ती तिनं पाटलाच्या पोरीला घातलेली. ‘बापाच्या खांद्याचं फूल’ शिरोशीच्या नवरीचं. ‘आईच्या पदराची गाठ’ कुणाची ते तिला आठवतही नव्हतं, पण कुणाची तरी होतीच. चांगलं चांगलं सगळं तिनं लोकांच्या लेकींना वाटून टाकलं होतं, आणि स्वतःच्या लेकीसाठी गाडग्यात दाणा उरला नव्हता.

“तर मग सासू सांगते तीच घाल ना,” धाकलू म्हणाला. “पोर तरी दिसंल.”

“हं,” ती म्हणाली.

सापगावच्या मांडवात तिनं हळद सांगितली, देव बोलावले, पितर बोलावले. मागं ओळ झेलणाऱ्या बाया तिथल्याच होत्या. जनाच्या गळ्यात टाक चढला. पोर अशी बारीक, की टाकाच्या वजनानं मान वाकल्यासारखी दिसली. बाईजा नवशाला घेऊन खांबाशी उभी होती. तिनं धोंडीबाईकडं बघून मान हलवली.

धोंडीबाई दाराकडं वळली. दार उघडं, बाहेर ऊन. तिनं सूर लावला.

“ये गो ये...”

बायांनी झेललं, ये गो ये.

‘उंबऱ्याभायरची’ एवढा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तो बाहेर पडला असता तर लेक कायमची बाहेर उभी राहिली असती, आईची वाट बघत, लहानपणी राहायची तशी. धोंडीबाईनं तो गिळला.

“ये गो ये, गळ्याच्या राहिलेल्या दारा.”

बाया अडखळल्या. गळ्याला दार कसलं? पण धवलारणीची ओळ खाली पडू द्यायची नसते, म्हणून त्यांनी चाचरत झेलली: गळ्याच्या राहिलेल्या दारा. मागची एक म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसून विचारत होती, “काय म्हनाली गो? कोनाला म्हनाली?” शेजारणीला ठाऊक नव्हतं. अख्ख्या मांडवात कुणाला ठाऊक नव्हतं. धोंडीबाईनं जन्मात पहिल्यांदा मांडवात गाठोडं आणलं होतं. ते सोडवू शकणारी एकच होती, आणि ही उलगडायला लागते ती झाकणी, ‘दुसऱ्याच्या दारचा गळा’, तिनंच लहानपणी चुलीशी जाऊन बसण्याआधी आईला दिली होती.

तीनदा हाक मारायची असते. तिनं तीनदा मारली. जनानं उघड्या दाराकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, “ये बाय, बस.”

वऱ्हाड पांगल्यावर बाईजानं तिला गोठ्यामागं गाठलं. “त्याचा अर्थ काय?”

“जिला कळायला पायजे तिला कळला.”

“मी सांगितलं काय, तू म्हनलीस काय! काय बोलावलंस तू माज्या घरात?”

“माजी लेक बोलावली. आत.”

“मग आता नातू बी तिलाच माग,” बाईजा म्हणाली आणि पोराचं तोंड पदराखाली घेऊन निघून गेली.

श्रावणात जनाला हिवताप भरला. सगळ्या शहापूर तालुक्यातच साथ होती ती. पण पाड्यावर खापर त्या ओळीवर फुटलं. धोंडीबाई मधाची बाटली घेऊन गेली, तर ती दारातूनच परत आली. नंतर दोनदा गेली. मग धाकलूनं तिला जाऊ दिलं नाही. लग्नात ती गात राहिली, पण सुपाऱ्या कमी झाल्या. ती कुणाला काय बोलावील याचा भरवसा नाही, असं बाया म्हणत.

चव्वेचाळीस सालच्या म्हसाच्या जत्रेत धाकलू बैल बघत हिंडत होता आणि धोंडीबाई घोंगड्यांच्या दुकानामागं सावलीला बसली होती. समोर एक गाडी सुटी करून ठेवलेली. तिच्या जुवावर चारेक वर्षांचा पोर पाय हलवत बसला होता. शेजारी एक बाई तान्ह्याला पाजत होती. गळ्यात चांदीचा टाक. पोरानं मान वळवली आणि कपाळावरचा भोवरा दिसला.

जनानं तिला ओळखलं. ती उठली नाही, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “आये, सासू बैलांकडं गेलीय. येईल आता.”

“बरी हायस ना गो?”

“बरी हाय.” मग पोराकडं बघून म्हणाली, “ह्याला त्या तुज्या ओळीबिगर झोप नाय लागत. मला कळली नाय तवा, म्हनून डोक्यात बसली. अर्थ काय गो तिचा?”

धोंडीबाईचं तोंड उघडलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, चुलीपासनं. बैलांच्या गर्दीतून बाईजाचा आवाज जवळ येत होता.

“तशीच म्हन,” ती म्हणाली. “म्हनतेस ते बरं करतेस.”

ती उठून घोंगड्यांच्या आड गेली. पोरगा जुवावर टाच आपटत स्वतःशीच गुणगुणत होता, सूर थोडा सोडून. ये गो ये, गळ्याच्या राहिलेल्या दारा. ओळ टाकली की कुणीतरी झेलायची असते. जना गप्प बसली होती, सासू आली होती. धोंडीबाईनं जन्मभर ओळ टाकली, झेलली कधी नव्हती. तिनं घोंगडीच्या काठाला हात धरून, पोराच्या मागून, ओठ हलवले. गळ्यातून काही आलं नाही.