कार्बोरेटरवरची तांब्याची तार

अंधेरीच्या नाक्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाशी लावून तो डोळे मिटून ऐकायचा. कंपनीचं सील तोडून एखादं इंजिन जास्त पळेल असं केलं, की कार्बोरेटरला तांब्याची तार गुंडाळायचा. म्हणायचा, "ही माझी खूण. आता बिघडलं तर मी बघायचं."

अशीच तार असलेलं एका टॅक्सीवाल्याचं नवं इंजिन जाम होऊन बंद पडलं. कंपनीने गॅरंटी नाकारली. मी तेव्हा ग्राहकांच्या बाजूने पत्रकं लिहायचो; भडकलो. कंपनीला लुटारू ठरवणारं पत्रक लिहिलं आणि मेकॅनिकला वाचून दाखवलं.

"झकास लिहिलंस रे," तो म्हणाला. "पण सील मी तोडलं, ते कुठंय? ते पण लिही ना."

"मग पत्रकात उरलं काय?"

"मग छापू नकोस."

बाकीची कामं बाजूला सारून आठवडाभरात त्याने ते इंजिन फुकट चालू करून दिलं. पत्रक मी फाडलं.

पुढे रस्ता रुंद करताना त्याची शेड गेली, तोही कुठेतरी निघून गेला. नावच माहीत नाही, तर विचारू कुणाला?

मी अजून पत्रकं लिहितो. हमीच्या कागदाआड लपणाऱ्यांना सोडत नाही. पण रस्त्यात कुठे बॉनेट उघडं दिसलं, की थांबतो, वाकतो आणि ती तार शोधतो.