बाबांच्या बंडीतला ठिपका

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलेलं लिहिते.

फॅशन डिझाइन शिकताना मी बाबांना बंडी शिवली होती. ते विसरायला लागले होते, कुठंही निघून जायचे. म्हणून चोरखिशात ठावठिकाणा सांगणारी बटणाएवढी चकती शिवली. ते परतले की माझ्या आणि आईच्या फोनवर मेसेज यायचा. मग आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची.

बाबा गेले. आम्ही त्यांचे कपडे वाटून टाकले, चकती काढायची राहिलीच. कसली मी डिझायनर!

आज ॲपमधून त्यांचं नाव काढायला गेले, तर नकाशावर ठिपका देवगाव फाट्यावर! तशीच गाडी काढली. एक म्हातारबाबा एसटीची वाट बघत बसले होते, अंगात तीच बंडी. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच बंडी उतरवली.

"घे माय. लय ऊब हाय बघ हिच्यात."

शिवण उसवून चकती घेतली, तिथंच टाके घालून बंडी परत दिली.

घरासमोर गाडी लावली आणि फोन वाजला, 'बाबा घरी पोहोचले.'

आई तांब्या घेऊन दारात आली. माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली.

तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता?