कानशिलावरच्या घुगऱ्या

परवा सोनाराकडे बंजारा सवाष्णी केसांत गुंफतात त्या चांदीच्या घुगऱ्या वाजल्या आणि वाशीमचा तो दवाखाना, तिथला कार्बोलिकचा वास, सगळं आठवलं. इंग्रजी अमलात मी तिथे डॉक्टर होतो. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून एका बंजारा बाईला बैलगाडीतून आणलं. दूध काढताना म्हशीची लाथ कानशिलावर बसली होती. वाटेत बोलत होती म्हणे, पोचेपर्यंत शुद्ध गेली आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत होतं. कानशिलाच्या हाडाला भोक पाडून ते काढणं भाग होतं. नेमक्या त्याच जागी केसांत घुगऱ्या गुंफलेल्या होत्या, आणि त्या उतरतात नवरा मेल्यावरच. नवरा समोर उभा होता, पण हात लावेना. मी कात्री उचलली तशी तिची विधवा सासू पुढे आली. "कापू नका, मले सोडू द्या." तिने एकेक घुगरी सोडवली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या पांढऱ्या केसांत बांधली. मी विचारलं, "हे काहून?" "घुगऱ्यायले डोकं लागते, साहेब. तिचं तुमच्यापाशी हाय, तवरिक माह्यं." मी हाड पोखरत होतो तोवर दाराबाहेर बसलेल्या सासूच्या घुगऱ्यांचा एकदाही आवाज आला नाही. संध्याकाळी सुनेने डोळे उघडले असं मी तिला सांगितलं, तेव्हा घुगऱ्या वाजल्या. अजूनही त्या कुठे वाजल्या की मला आधी वाटतं, कोणीतरी शुद्धीवर आलं.