डाव्या लेनमधले काका

आमच्या सोसायटीतले एक काका रोज सकाळी मला कल्याणहून ठाण्याला गाडीतून सोडतात. हायवेवर ते उजवीकडूनच ओव्हरटेक करतात आणि लगेच डाव्या लेनमध्ये परततात. मागून कोणी हॉर्न मारलाच तर म्हणतात, "जा बाबा, तू हो पुढे."

काकू नातवाला सांभाळायला कॅनडाला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. काका तो विषय काढत नाहीत.

परवा एका ट्रेलरला मागे टाकल्यावर त्यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि सवयीने म्हणाले, "डावीकडे बघ गं, कोणी आहे का?"

मी मान वळवून पाहिलं. "कोणी नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी गाडी सावकाश डावीकडे घेतली. ठाण्यात माजिवड्याला त्यांनी गाडी थांबवली. मी उतरताना त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "उद्या येशील ना रे?"