चौदावर थांबलेला काटा

गल्लीत त्यांना सगळे बत्तीशी म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून दात घडवतात. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर ठरत नाही, हळूच खाली ओठांवर घसरते. शेजारच्यांची नवी सून पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला वाटलं, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. बिचारी सगळा वेळ रुमालाने ओठ पुसत राहिली.

फट म्हणून सहन होत नाही या माणसाला. कपाटातलं एक पुस्तक कोणी नेलं, तर ते परत येईपर्यंत त्या जागी बिस्किटांचा डबा उभा. जिन्याच्या कठड्याचा एक गज निखळला, तर यांनी लाकडाचा बसवून असा रंगवला की बाकीच्या लोखंडी गजांनाही पत्ता लागू नये. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारणार, "ओळखा बरं, यातला खोटा कुठला?" आणि आपण चुकलो की हे खूश!

अशा माणसाच्या मेहुणीने विमान बांधायला काढलं.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. लोकांना विमान चालवायला शिकवते. नोकरीत दुसऱ्यांची विमानं उडवून कंटाळली, म्हणून विमान बांधणीचे नकाशे मागवले आणि गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामात दोन माणसांचं विमान जोडायला घेतलं. पंख झाले, शेपूट झाली, इंजिन आलं. मग एकदा चहा पिता पिता म्हणाली, "भावोजी, समोरचं पॅनेल तुम्ही करायचं. सगळे डायल, बटणं, मागची वायरिंग. तुमच्यासारखा हात मला कुठे मिळणार?"

"यांना सांगतेस?" बायको म्हणाली. "विमानाला हिरड्या बसवतील ते!"

पण बत्तीशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीसमोर पुठ्ठा उभा राहिला. वाट्या पालथ्या घालून त्यावर गोल काढले. मेहुणी खुर्चीत बसायची, डोळे मिटायची. हे "वेग" म्हणाले की डावीकडे बोट, "उंची" म्हणाले की उजवीकडे, "इंजिन बंद" म्हणाले की खाली. बोट चुकलं की पुठ्ठ्यावरचा गोल खोडायचा आणि सरकवायचा. बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "दोघं मिळून उडा, मला फक्त ती खुर्ची परत द्या."

"घाबरलेला माणूस आकडे वाचत नाही, भावोजी," मेहुणीने सांगितलं होतं. "तो नुसता बघतो. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे."

हे वाक्य त्यांनी मनावर घेतलं. इंजिनाचे सगळे डायल त्यांनी असे फिरवून बसवायचे ठरवले की सगळं ठीक असेल तेव्हा प्रत्येक काटा सरळ उभा दिसेल. एखादा जरी कलला, तरी पुढे आलेल्या दातासारखा नजरेत भरेल. बटणांच्या मुठी कवळीच्या हिरड्यांच्या उरलेल्या गुलाबी मसाल्यातून घडवल्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. एक तर हुबेहूब दाढेसारखी. मेहुणी डोळे मिटून त्या चाचपायची आणि हसायची. "भावोजी, इंजिन बंद करताना कुणाची तरी दाढ उपटल्यासारखं वाटतं हो!"

मग पुठ्ठ्याची ॲल्युमिनियमची प्लेट झाली. भोकं पाडली, कानशीने घासली, काळा रंग दिला. आणि तिथे घोळ झाला. बॅटरी भरतेय की नाही ते दाखवणारा डायल जिथे बसायचा, त्याच्या बरोबर मागे विमानाच्या सांगाड्याची दांडी येत होती. पुठ्ठ्याला मागची बाजू नसते, त्यामुळे हे लक्षातच आलं नव्हतं. डायल काही केल्या आत जाईना.

"राहू दे," मेहुणी म्हणाली. "पत्र्याचं झाकण लावा त्याला. बॅटरी मी हातातल्या मीटरने तपासेन." आणि ती पंधरा दिवसांसाठी शिकवायला दुसरीकडे गेली.

त्यांनी झाकण लावलं. मागे सरकून पाहिलं. सगळे डायल एका ओळीत, आणि बरोबर वरच्या रांगेत एक काळा ठिपका. समोरचा दात पडल्यावर माणूस हसावा, तसं ते पॅनेल त्यांच्याकडे बघून हसत होतं. इंजिन पहिल्यांदा सुरू होणार त्या रविवारी गल्ली बघायला येणार होती. एवढ्या लोकांना हे बोळकं दाखवायचं?

झाकण निघालं. जुन्या घड्याळाची काच, पांढऱ्या पत्र्याची तबकडी, ब्रशाच्या एका केसाने काढलेले आकडे, तारेचा काटा. काटा चौदा व्होल्टवर, म्हणजे बॅटरी नीट भरतेय, सरळ उभा, शेजारच्यांच्या ओळीत. मागे काही नाही, नुसते गुलाबी मसाल्याचे दोन ठिपके. दोन दिवसांपुरता आहे, ती आली की काढून टाकू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मनापासूनच सांगितलं.

मेहुणी त्या रविवारी सकाळी थेट गोदामातच आली. लोक आधीच जमले होते. तिने घाईत आत वाकून ओझरतं पाहिलं.

"अरे वा, बॅटरीचा डायल बसला? दांडी आडवी येत होती ना?"

"बत्तीशीकाकांना काय आडवं येणार!" गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. उत्साहाच्या भरात 'बत्तीशी' तोंडावरच म्हणून गेले, पण एवढ्या कौतुकाने की राग येऊ नये. सगळ्यांच्या नजरा यांच्यावर. बायकोचीसुद्धा, आणि तिच्या नजरेत चक्क अभिमान.

"बसवला," हे म्हणाले. "कमी खोलीचा मिळाला एक. ओळखीने."

इंजिन सुरू झालं, टाळ्या वाजल्या, पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून हे उभे. पण इंजिन बंद झाल्यावर बाकीचे काटे हळूहळू खाली झोपणार आणि हा एकटा ताठ उभा राहणार, हे त्यांच्या तेव्हा डोक्यात आलं. चटकन चष्म्याचं कापड काढून त्यांनी डायलवर टाकलं. "धूळ बसते," म्हणाले.

त्या दिवसापासून त्या डायलला मऊ कापडाची टोपी आली. इंजिन सुरू झालं की हे टोपी काढणार, बंद व्हायच्या आत घालणार. मेहुणी बायकोला म्हणाली, "ताई, भावोजींनी तुलासुद्धा एवढं जपलं नसेल." बायको म्हणाली, "मला कुठे काच आहे!" दोघी खूप हसल्या. हेही हसले. घरी गेल्यावर जेवण जाईना. सांगायचं तर रोज होतं. पण आज सांगावं, तर काल का नाही सांगितलं, हे आधी सांगावं लागत होतं.

आणि उड्डाणाचा दिवस आला.

मोकळ्या मैदानातली धावपट्टी, कडेला गल्लीतली सगळी मंडळी. इंजिन चालू. मेहुणी आत बसलेली, पट्टा आवळलेला. हे पंखाला धरून, टोपी मुठीत. ती एकेका डायलवर बोट ठेवून मोठ्याने म्हणत होती.

"तेलाचा दाब, ठीक. तेलाचं तापमान, ठीक. बॅटरी, चौदा, ठीक." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पेट्रोलचा पंप बॅटरीवरच आहे ना, भावोजी, बॅटरी उतरली की हवेत इंजिनच थांबायचं. हा डायल झाला ते फार बरं झालं. हातातला मीटर आज गाडीतच ठेवलाय."

तिने ते 'ठीक' ज्या सहजपणे म्हटलं, ते त्यांच्या कानशिलात बसलं. तिने काटा वाचलाही नव्हता. नुसता बघितला होता. त्यांनीच तशी सोय करून दिली होती.

"बंद कर," हे ओरडले.

"काय?"

"इंजिन बंद कर! तो खोटा आहे!"

तिने गुलाबी दाढ ओढली. पंखा थांबला. सगळे काटे खाली गेले. चौदावरचा तसाच उभा राहिला, आणि या वेळी टोपी घालायला त्यांचा हात पुढे झाला नाही.

तिने नखाने डायल उचकटला. तो सहज निघून आला. ती मागचे गुलाबी ठिपके बघत राहिली.

"मी त्या रविवारी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"म्हणजे काकांनी विमानालाही कवळी बसवली!" पोस्टमास्तर म्हणाले, आणि मैदानभर हशा पिकला. फक्त दोन्ही बहिणी हसल्या नाहीत. बायको एरवी असल्या संधीची वाट बघत बसणारी. तिने एक टोमणा मारला असता तर यांना केवढा आधार झाला असता. ती खाली मान घालून उभी होती. आपली मान खाली जाणं वेगळं. आपल्यामुळे तिची गेली, हे बघवेना.

मेहुणीने गाडीतून मीटर आणवला, इंजिन पुन्हा सुरू केलं, बॅटरी तपासली. चौदाला किंचित कमी.

"बघ, म्हणजे बरोबरच दाख—" यांच्या तोंडून निसटलं.

"बरोबर दाखवत नव्हता, भावोजी," ती शांतपणे म्हणाली. "तो काहीच दाखवत नव्हता."

धरणी दुभंगली असती तर हे आनंदाने आत उतरले असते, पण मैदान टणक होतं.

"आता सगळे काढायचे," ती म्हणाली. "एकेक तपासायचा."

"बाकीचे खरे आहेत गं."

"असतील. पण मला आता ते कसं कळणार?"

लोक घरी गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे डायल काढले, आणि ते रिकामं पॅनेल गोदामात कित्येक आठवडे सगळी बोळकी उघडी टाकून त्यांच्यासमोर बसून होतं. प्रत्येक डायल तिच्या देखत तपासला गेला. सगळे बिनचूक निघाले. शाबासकी कोणी दिली नाही, आणि मागायचं तोंड यांना नव्हतं.

गल्ली काय, चार दिवस हसली, मग दुसरा विषय मिळाला. पण जिन्यातला तो लाकडी गज यांनी काढून टाकला. लोखंडी मिळेपर्यंत तिथे सुतळी बांधलीय. आणि आता बोलताना त्यांची नजर ओठांवर येत नाही. आणखी खाली, चपलांवर जाते.

मेहुणी आता उडते. भोक तसंच आहे, झाकण नको म्हणाली. त्यातून मागची दांडी दिसते. मीटर तिच्या मांडीवर असतो. निघण्यापूर्वी ती यांना जवळ बोलावते आणि एकेका काचेवर नखाने टकटक करते.

"हा?"

"खरा."

"हा?"

"खरा."

असं करत बोट वरच्या रांगेत येतं आणि भोकापाशी थांबतं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असतं की नाही, ते यांना सांगता येत नाही, कारण ते वर बघत नाहीत.

"आणि हे, भावोजी?"

"ते भोक आहे," हे म्हणतात, आणि पंखावरून हात काढतात.