आभाळातला गोटा

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी बायको म्हणायची. दिवाळीआधी शांता गेली आणि ती भिंगरी थांबेनाच. घरात टेकलं की भिंती अंगावर येत. म्हणून आमच्या अमरावतीच्या शाळेत हेडमास्तर म्हणाले, "मंगरूळकडच्या डोंगरात आंध आदिवासींच्या वस्तीवर आभाळातून पडलेला दगड आहे म्हणे. शास्त्राच्या कपाटासाठी मिळतो का बघा," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी वळकटी बांधली.

मूर्तिजापूरला अरुंद रुळांची छोटी आगगाडी धरायची. ती बैलगाडीशी शर्यत हरेल, तरी तासभर आधी जा, जागा मिळत नाही. समोरच्या कापूसवाल्या शेटजींनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना, मास्तर?"

"ठीक," मी म्हणालो. शांता गेल्याचं मी अजून कुणालाच तोंडाने सांगितलं नव्हतं. मग कारंज्यापर्यंत दाराशी उभाच राहिलो.

कारंज्याची धर्मशाळा स्वच्छ. जेवण चार आण्यांत, आणि तुरीचं वरण दोनदा मागून घ्यावं असं. सकाळी छकडा ठरवला, जाऊन-येऊन अडीच रुपये. मंगरूळच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते दगड; कंबर नाजूक असेल त्यांनी घोंगडी दुमडून खाली घ्यावी.

"गोट्यासाठी कायले एवढे हाल करून राह्यले, मास्तर?" गाडीवान सखाराम म्हणाला. "अमरावतीत गोटे नाई काय?"

वस्ती सात-आठ घरांची. दगड गिरजाबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात उघड्यावर होता. काळाकुट्ट, नारळापेक्षा थोडा मोठा. ना शेंदूर, ना फूल. मला कुठला धीर! कुणाला विचारण्याआधीच मी वजन बघायला तो दोन्ही हातांनी उचलला.

म्हातारी चुलीपासून धावत आली. "कोन गेलं तुयं?"

"म्हणजे?"

"उचलला ना तू? आता नाव घ्या लागते. तारा तुटला म्हनजे कोनाचा तरी जीव चालला. जीव वर जाते, ओझं खाली टाकते. ज्याच्या घरचं मानूस गेलं, त्यानं हा उचलाचा, नाव घ्याचं, आपल्या आंगनात ठेवाचा. दुसऱ्याच्या घरचं गेलं का मंग तो येऊन नेते. माही पोरगी गेली, तवापासून माह्याकडं हाये."

खोटं बोलून सुटता आलं असतं. "शांता," मी म्हणालो. "माझी बायको." आणि परक्या अंगणात मला रडू फुटलं. सखारामाने टोपी काढली.

गिरजाबाई दगडाकडे बघत राहिली. तिला तो सोडवत नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी म्हणाली, "ने मंग. आता तुयाच हाये."

ज्याच्यासाठी हाडं खिळखिळी केली, ते हातात होतं. पण शाळेच्या कपाटाला कुलूप असतं. उद्या या वस्तीत कुणी गेलं, तर त्या घरच्यांनी काय अमरावतीला यायचं? मी तिला कपाटाचं खरं ते सांगितलं आणि दगड परत दिला. ठेवताना तिने आधी मुलीचं नाव घेतलं, मग शांताचं. नंतर भाकर आणि ठेचा वाढला, आणि पुरतं जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

मोकळ्या हातांनी परतलो म्हणून हेडमास्तर चिडले, त्यांचंही बरोबर. घरात माझं अजून फार वेळ बसणं होत नाही.

परवा फिरता कासार दारात आला. "वैनीले बोलवा, मास्तर. हिरव्या बांगड्या आनल्या."

"शांता गेली," मी म्हणालो.

तो बांगड्यांचं ओझं उतरवून ओट्यावर बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो.